थकबाकीदाराची पात्रता

सेवा सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत छाननीच्या दिवशी प्रतिपक्षाचा माणूस थकबाकीदारांची यादी घेऊन अधिकाऱ्यापुढे उभा राहतो, एका नावावर बोट ठेवतो, आणि बोंडअळीने कपाशी गेल्यामुळे ज्याला पीककर्ज मुदतीत फेडता आले नाही त्याचा अर्ज तेवढ्यावर बाद होतो. हा कायद्याचा अंमल आहे व तो मानलाच पाहिजे. परंतु त्याच सायंकाळी पारावर त्या गृहस्थास ‘बुडव्या’ ही पदवी मिळते, आणि जणू सरकारनेच त्याच्या चारित्र्याचा निवाडा दिला असे सारे गाव धरून चालते, हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातील तालुक्यात, जिथे विहिरीचे पाणीही पिकाला चालत नाही, हा अन्याय अधिकच बोचतो.

जुन्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सरकारची बाकी भागविण्यासाठी निम्मी पाटिलकी विकल्याची खरेदीखते मराठेशाहीच्या दप्तरांत आढळतात. कर्जाने वतन एका हातातून दुसऱ्या हाती जाई, पण ऋणको पदाला नालायक ठरत नसे. खुद्द आपले वऱ्हाड १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापायी निजामाने कंपनीच्या स्वाधीन केले, तरी त्याची गादी अबाधित राहिली.

पुढे इंग्रजी नादारीचे कायदे आले, आणि ऋणको म्हणजे अविश्वासू ही समजूत त्यांच्यासोबत आली असे सर्रास सांगितले जाते. हे वाचन मला चुकीचे वाटते. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या ७३ व्या कलमाने नादारास दंडाधिकारी होण्यास व स्थानिक संस्थांत निवडून येण्यास मनाई केली, एवढेच लोक लक्षात ठेवतात. परंतु त्याच कलमात पुढे असे म्हटले होते की, ज्याला न्यायालयाने ऋणमुक्तीचा आदेश दिला आणि त्यासोबत, ही नादारी त्याच्या गैरवर्तनाने नव्हे तर दुर्दैवाने ओढवली, असा दाखला दिला, त्याची अपात्रता संपुष्टात येईल. विश्वासाच्या पदावरून माणसाला दूर ठेवण्यापूर्वी दैव की दोष याची चौकशी झाली पाहिजे, हे तत्त्व परकी राजवटीच्या त्या रूक्ष कायद्यात मान्य झाले होते, आणि या विचाराच्या साऱ्या इतिहासात मी त्यालाच सर्वांत मोठे वळण समजतो. १९६४ च्या केंद्रीय सेवकांच्या वर्तणूक नियमांतही त्याची छाया आहे: कर्जबाजारीपणा उधळपट्टीतून न येता आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीतून आला, हे सिद्ध करण्याचा भार त्यांनी नोकरावर टाकला, म्हणजे सिद्ध करण्याची वाट तरी मोकळी ठेवली. संविधानाने तर आमदार-खासदारांच्या बाबतीत केवळ अविमुक्त नादारालाच अपात्र ठरविले. साध्या थकबाकीचा तेथे उल्लेखही नाही.

ही वाट बंद झाली ती गावपातळीवर. ग्रामपंचायतीच्या कायद्याने कराच्या मागणीनंतरचे तीन महिने मोजले, सहकाराच्या कायद्याने पीककर्जाची देय तारीख पाहिली. सहकारातील मनाईला सबळ कारण आहे, हे मी नाकारीत नाही. जी समिती वसुलीचे निर्णय घेते तीत स्वतः थकबाकीदाराने बसू नये, हे कोणीही मान्य करील. पण हे कारण त्या खुर्चीपुरते आहे, त्यातून माणसाच्या सचोटीविषयी काहीच निष्पन्न होत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला जी मुभा, ती पाच एकरांच्या धन्याला नाही, याचे समर्थन मला कुठेच सापडत नाही.

दुर्दैवाचा पुरावा शोधण्यासाठी लांब जाण्याचीही गरज नाही. गावागावाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर सरकारच जाहीर करते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की पीक बुडाल्याची कबुली सरकारच्याच दप्तरात नमूद होते. ज्या वर्षीचे कर्ज थकले त्या वर्षीची गावाची पैसेवारी छाननीच्या टेबलावर यादीशेजारी ठेवावी, आणि पन्नासच्या आतील गावच्या शेतकऱ्यास तहसीलदाराने तसा दाखला द्यावा. ऋणको व धनको यांना समोरासमोर बसवून कर्जाची छाननी करणारी लवाद मंडळे १९३३ च्या कायद्याने याच प्रांतात स्थापन झाली होती, आणि त्यामागे अमरावती जिल्ह्यातील पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा आग्रह होता. तेव्हा अशी चौकशी तालुक्याच्या कचेरीला झेपणार नाही, हे म्हणणे वऱ्हाडात तरी कोणी पुढे करू नये.