शेवटचे सहा मैल



संत पौलाच्या पत्रांत धावण्याची उपमा पुन्हा पुन्हा येते. करिंथकरांना तो शर्यतीच्या मैदानाची आठवण देतो. फिलिप्पैकरांना सांगतो, की मागचे मागे टाकून मी पुढच्या खुणेकडे धावतो आहे. मृत्यू समोर दिसू लागल्यावर तीमथ्याला कळवतो, की माझी धाव मी पुरी केली. हे शेवटचे शब्द आपण बहुधा अंत्यविधीला ऐकतो, म्हणून ते मृतांसाठीच आहेत असा आपला समज होतो. पण ते लिहिणारा माणूस जिवंत होता. तो थकलेला होता, तुरुंगात होता, वय झालेले होते. आणि तरीही तो धावण्याबद्दलच बोलत होता.

या शब्दांचा अर्थ मला नव्याने उमगला तो वाशिमच्या रेल्वे स्टेशनवर. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीला उशीर होता. पाऊणशे वय उलटलेले एक सरदारजी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपझप चालत होते. पायांत धावण्याचे बूट, डोक्याला निळी पगडी. हुजूर साहिबच्या दर्शनाला निघालेले. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडलाच देह ठेवला, म्हणून शीख बांधवांना ती भूमी अत्यंत पवित्र. मी विचारले, “सरदारजी, दमत नाही का?” ते हसून हिंदीत म्हणाले, “फादरजी, बसलो की दमतो.” रोज पहाटे आपण धावतो, असे त्यांनी सांगितले. केव्हापासून, असे विचारल्यावर म्हणाले, “नोकरी संपल्यावर. आमच्या फौजासिंग बाबांनी नव्वदीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली. त्यांच्यापुढे मी तर पोरगाच!” तेवढ्यात गाडी आली.

हे फौजासिंग कोण, हे आपल्यापैकी काहींना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. जन्म १ एप्रिल १९११, जालंधर जिल्ह्यातल्या बियास पिंड या गावी. लहानपणी पाय इतके अशक्त, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालता येत नव्हते. शाळा नाही, अक्षरओळख नाही. आयुष्य शेतीत गेले. १९९२ साली पत्नी वारली. १९९४ साली मुलगा कुलदीप अपघातात गेला. त्या दुःखाने हा शेतकरी पार खचला. दुसऱ्या मुलाकडे लंडनला राहायला गेल्यावर मनाला काही विरंगुळा हवा, म्हणून ते धावू लागले. हरमंदर सिंग नावाचे प्रशिक्षक भेटले. पहिल्या सरावाला बाबा थ्री-पीस सूट घालून आले होते, अशी आठवण सांगतात. २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरहून थोडे जास्त, म्हणजे वाशिमहून जवळजवळ हिंगोली गाठण्याइतके अंतर. १६ ऑक्टोबर २०११ रोजी कॅनडातील टोरांटो येथे, वयाची शंभरी पार केल्यावर, ते पुन्हा तेवढेच अंतर धावले. आठ तासांहून अधिक वेळ लागला. विजेता पोहोचून सुमारे सहा तास झाले होते, पण बाबा थांबले नाहीत.

ही कथा ऐकून ‘केवढी ही जिद्द!’ एवढेच म्हणून आपण मोकळे होऊ नये. मला त्यांचे एक बोलणे अधिक मोलाचे वाटते. मॅरेथॉन २६ मैलांची. पहिले वीस मैल अवघड नसतात, असे ते सांगत; राहिलेले सहा मैल मी देवाशी बोलत बोलत धावतो.

बंधु-भगिनींनो, आपण उलट करतो. पहिल्या वीस मैलांत, म्हणजे अंगात बळ असते, लेकरे घरात असतात, पीक बरे येते, तेव्हा देवाचे आभार मानतो. शेवटच्या सहा मैलांत मात्र त्याच्याशी अबोला धरतो. जोडीदार गेला, तरणाताठा मुलगा गेला, गुडघे साथ देत नाहीत, पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचा फोन येत नाही, की आपण म्हणतो, “देवाने माझे काय ऐकले?” आणि जपमाळ खुंटीला लागते.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची अशीच अवस्था झाली होती. रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. परमेश्वराने त्याला रागावून उठवले नाही, उपदेशही केला नाही. दूत आला, त्याने त्याला स्पर्श केला, भाकर आणि पाणी समोर ठेवले आणि म्हणाला, की ऊठ, खा. एलिया पुन्हा झोपला, तेव्हा दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, की ऊठ, खा, तुला अजून लांब जायचे आहे. मग तो चाळीस दिवस-रात्री चालला. त्याच्या दुःखाचे कारण लगेच दूर झाले नव्हते. पण त्याला उठवणारे कोणी होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘टेलोस’ हा ग्रीक शब्द आम्हांला भेटला. त्याचा अर्थ शेवट असाही होतो आणि उद्दिष्ट, पूर्णत्व असाही. ‘धाव पुरी केली’ असे पौल म्हणतो, त्या क्रियापदाच्या मुळाशी हाच शब्द आहे. क्रुसावरून प्रभू येशू ‘पूर्ण झाले’ असे म्हणाला, तेव्हाही योहानाने तेच क्रियापद वापरले. म्हणजे ख्रिस्ती माणसाचे म्हातारपण हा नुसता शेवट नाही. ती पूर्णत्वाकडे जाणारी वाट आहे. तिथे पहिला नंबर कोणाचा हे विचारले जात नाही.

आणखी एक गोष्ट. फौजासिंग यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून गिनीज बुकाने त्यांच्या विक्रमाची नोंद केली नाही. आपल्याकडेही किती आजोबा-आजी असे आहेत, ज्यांचा जन्म ‘ज्वारी कापणीच्या वेळचा’ एवढाच ठाऊक आहे. त्यांच्या कष्टांची नोंद कोणत्याच वहीत नाही. आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना, असे प्रभूने शिष्यांना सांगितले, ते अशांसाठीच.

आपला वाशिम जिल्हा शेतकऱ्यांचा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. कर्त्या मुलाला मूठमाती देऊन त्याच शेतात पुन्हा उभे राहिलेले म्हातारे बाप या भूमीने पाहिले आहेत. त्यांना फौजासिंगांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पण त्यांना हरमंदर सिंग भेटला का? एलियाचा दूत भेटला का? हा प्रश्न आपल्या धर्मग्रामाने स्वतःला विचारायचा आहे.

इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. म्हणून एका शीख शेतकऱ्याकडून प्रार्थनेचा धडा घेताना आपण संकोचू नये. १४ जुलै २०२५ रोजी, ११४ वर्षांचे असताना, आपल्याच गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्यांना मृत्यू आला. शेवटपर्यंत ते पायांवर होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. आपण त्या रविवारची वाट पाहत बसायला नको. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एका वृद्ध माणसाकडे जा. आजारी असेल तर ख्रिस्तप्रसादासाठी मला कळवा. चालता येत असेल तर हात धरून पुढच्या रविवारी मिस्साला घेऊन या. दुःख सांगू लागला तर मध्येच उपदेश करू नका, ऐका. एकदा नाही आला, तर दुसऱ्यांदा जा. दूतसुद्धा दोनदा आला होता.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हांला एवढेच सांगतो: रात्री झोप लागत नाही, तेव्हा देवाशी बोला. तक्रार असेल तर तक्रार करा, पण अबोला धरू नका. शेवटचे सहा मैल त्याच्या सोबतीने चालायचे आहेत.

प्रभू तुमच्या पायांना बळ देवो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू