झीज कोणाच्या वाट्याला?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या एका मित्राचे पत्र मागल्या हिवाळ्यात आले. तिकडील सरोवरे थंडीत गोठतात; लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात आणि मासे धरतात. गिरमिट, तंबू, शेगडी असा सारा सरंजाम प्लास्टिकच्या उथळ घसरगाडीत घालून ओढून न्यावा लागतो. मित्राने एक संपूर्ण रविवार त्या गाडीच्या तळाला संरक्षक पट्ट्या बसविण्यात घालविला होता आणि त्याचेच वर्णन दोन पाने भरून केले होते.

प्रथम मला हसू आले. बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीला संरक्षण ते कशाला? परंतु तिचे खरे शत्रू निराळेच आहेत. काठावरची खडी, वाटेतला डांबरी रस्ता, वाऱ्याने खडबडीत झालेले टणक बर्फ यांवरून भरलेली गाडी फरफटत गेली, की तळाचे कंगोरे झिजतात आणि अखेर तेथे भोके पडतात. म्हणून कंगोऱ्यांखाली चिवट पॉलिएथिलीनच्या लांब पट्ट्या बोल्टांनी आवळतात. बोल्टांची डोकी पट्टीच्या आत बुडवावी लागतात, नाहीतर तीच बर्फात अडतात. गाडीच्या आतल्या अंगाने रुंद वॉशर घालतात, म्हणजे ताण एका जागी न येता पसरतो. पट्टी कायमची चिकटवून टाकीत नाहीत. झिजली की काढून दुसरी लावायची असते.

कल्पना जुनीच आहे. उत्तरेकडील इन्युइट लोक आपल्या गाड्यांच्या तळाला व्हेलच्या हाडाच्या पट्ट्या लावीत. कोठे ओला चिखल थापून तो गोठवीत आणि त्यावर पाण्याचा पातळ थर देत. तो थर उडाला की पुन्हा द्यावा लागे. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापविलेली लोखंडी धाव चढवितो, ती तरी दुसऱ्या कशासाठी? चाक टिकावे म्हणून धाव झिजते. येथे एक गोष्ट ध्यानात येते : संरक्षणाने झीज नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

पट्टीच्या बाबतीत यात काहीच वावगे नाही. तिला मन नाही, घर नाही. परंतु पत्र मिटून ठेवले तेव्हा मला आमच्या कचेरीतील एक जुना प्रसंग आठवला आणि त्यानंतर कित्येक दिवस तो मनातून गेला नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रकरणाचे उत्तर मुदतीत गेले नाही. वरून विचारणा झाली. फाईल चार दिवस माझ्याच टेबलावर पडून होती. पण खुलासा मागण्यात आला तो नोंदवहीवर बसणाऱ्या एका हंगामी कारकुनाकडे. "नवा आहे, निभावून जाईल," असे कोणीतरी म्हणाले. माझी बढती त्या वेळी विचाराधीन होती. मी काहीच बोललो नाही. त्याने मुकाट्याने सही केली. पुढे त्याची मुदत वाढविण्यात आली नाही, आणि आठवड्याभरात त्याच्या खुर्चीवर दुसरा मुलगा येऊन बसला. गाडी सुरळीत चालू राहिली.

आपल्या भाषेत चंदनासारखे झिजण्याचे मोठे कौतुक आहे. आईबद्दल, शिक्षकाबद्दल, जुन्या सेवकाबद्दल आपण तसे सहज बोलून जातो. पण चंदन आपण होऊन झिजत नाही. त्याला सहाणेवर धरणारा एक हात असतो, आणि सुगंधाच्या स्तुतीत त्या हाताचा उल्लेख राहून जातो. दधीचीची गोष्ट निराळी. देवांनी त्याच्यापाशी येऊन अस्थी मागितल्या, आणि त्याने त्या स्वेच्छेने दिल्या. मागणे उघड होते, नकार देण्याची मोकळीक होती. आमच्या त्या हंगामी कारकुनाला यांपैकी काय मिळाले?

मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने 1785 मध्ये लिहिले. तत्त्व म्हणून हे मला महाविद्यालयातच पटले होते. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र एका घसरगाडीने शिकविला. प्रत्येक संसारात, प्रत्येक कचेरीत कोणाला तरी खाली राहून खडी सोसावी लागते, हे मला मान्य आहे. पण ज्याला विचारलेले नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याच्या जागी दुसरा मिळतो एवढ्याच आधारावर ज्याला आपण खाली घालतो, त्याची झीज ही सेवा नव्हे. ती आपली चोरी होय.

मित्र लिहितो की, हंगाम संपला की गाडी उलटी करून पट्ट्या किती उरल्या ते पाहावे लागते. सरळ उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. मी आपली गाडी उलटी करून पाहिली ती फार उशिरा. त्या मुलाचा पत्ता आता माझ्याजवळ आहे. त्याला लिहावयाच्या पत्राची पहिली ओळ मात्र अजून जमलेली नाही.