घरांतील थोरलें लेंकरूं

घरांतील थोरल्या लेंकराचा मान कशांत आहे? मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद 21:17) ज्येष्ठ पुत्रास दुप्पट वांटा सांगितला आहे. परंतु आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्र नसल्यास, मुलगा असो कीं मुलगी, थोरला असो कीं धाकटा, मुलांचे वांटे सारखेच. मग थोरल्याकडे उरलें काय? बहुधा ओझेंच!

पुष्कळ घरांत थोरली मुलगी धाकटें भावंड कडेवर घेऊन बसते, आणि तिचें दप्तर कोनाड्यांत पडून राहतें. यास आम्ही घरची मदत म्हणतों. माझ्या मतें हें आईबापांचें काम लेंकरावर लोटणें होय.

लूक 15 मधील वडील मुलगा पाहा. तो शेतांतून घरीं येतो, आणि मेजवानीची वार्ता त्यास चाकराकडून कळते! त्याचा राग योग्य होता असें मी म्हणत नाहीं. भावास भाऊ म्हणणेंहि तो टाळतो. तरी बाप त्यास दटावीत नाहीं. तो पंगत सोडून बाहेर येतो व त्याची समजूत घालितो. धाकट्यासाठीं धांवलेल्या बापाविषयीं आम्ही पाळक वारंवार उपदेश करितों. थोरल्यासाठीं बाहेर आलेल्या बापाविषयीं क्वचितच. तो मुलगा शेवटीं आंत गेला कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलेलें नाहीं.