शेजाऱ्याचा वाटा आधी



घराला लागून भाजीचा मळा करावा असा बेत बायबलमधल्या एका राजाने केला होता. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवासा वाटतो, कारण तो राजवाड्याच्या शेजारी आहे. सुरुवातीला त्यात काही वाईट नव्हते. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा पैसे द्यायला राजा तयार होता. नाबोथाने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला. तेव्हा राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार झाली. भाजीच्या मळ्यापायी एका निरपराध माणसाचा जीव गेला.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण साधे आहे. आपल्या खाप्यात ज्यांच्या घरामागे थोडीफार सांदवाडी मोकळी आहे, त्यांच्या मनात येत्या वसंतासाठी परसबागेचा विचार घोळत असेल. आपल्याकडचा वसंत हा उन्हाळ्याचा उंबरठा. भेंडी, गवार, चवळी, काकडी, ढेमसे, दोडके यांचे बी जानेवारी-फेब्रुवारीत मातीत पडले तरच उन्हे कडक होण्याआधी वेल मांडवावर चढतात. म्हणून आराखडा आधीच काढावा लागतो.

हा बेत चांगलाच आहे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून मांडले होते की नीट अभ्यास आणि मेहनत केली तर दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते. आपल्याजवळ दहा गुंठे नसतील, एकच असेल. तरी शेवगा, कढीपत्ता, पपई, मोरीच्या पाण्यावर चार अळूची पाने, कोपऱ्यात दोन गावरान कोंबड्या एवढे त्यात बसते. मुलांनाही कळते की भाजी बाजारात उगवत नाही.

पण "आता आम्हाला कोणाची गरज नाही" असे म्हणता येणे, हे या कष्टांचे उद्दिष्ट असावे का? स्वावलंबन हा गुण आहे, की कुंपण उंच करण्याचे सभ्य नाव?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने 1689 साली मांडले की जमिनीत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून तिचे फळ त्याचे होते. हे आपल्याला पटते. घाम माझा, भेंडी माझी. पण लॉकनेच एक अट घातली होती : इतरांसाठीही पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. जमिनीच्या बाबतीत ही अट आपण विसरतो. पाण्याच्या बाबतीत मात्र ती विसरता येत नाही.

हिशेब करून पाहा. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. त्यातले चाळीस चौरस मीटर वाफे धरले आणि भर उन्हाळ्यात चौरस मीटरमागे पाच लिटर पाणी धरले, तर दिवसाला दोनशे लिटर झाले. सरकारच्या जलजीवन मिशनने 2019 मध्ये ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे आपले वाफे जवळजवळ चार माणसांचे पाणी पितात. कन्हानच्या काठी राहूनही मे महिन्यात पाण्याची किंमत आपल्याला कळते. ज्याच्या घरी बोअर आहे, त्याचे श्रम खरे, खर्चही खरा. पण जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही.

संत थॉमस अक्विनास यांची शिकवण इथे उपयोगी पडते. मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार माणसाला आहे, असे ते म्हणतात, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला सहज द्यावे. संत पौल तंबू शिवून पोट भरीत. त्यांनी एफेसकरांना हाताने काम करायला सांगितले ते गरजवंताला द्यायला जवळ काही असावे म्हणून.

यावर कोणी म्हणेल, "फादर, आधी आमच्या पोरांचे होऊ द्या, उरले तर देऊ." हे म्हणणे प्रामाणिक आहे. पण उन्हाळ्यात काही उरत नसते. टाकी अर्धी असताना आणि वेल सुकत असताना माणूस उदारपणे विचार करत नाही. लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या कडा कापू नयेत, त्या गरिबाच्या आणि परक्याच्या. या कडा उरलेल्या नसतात, आधीच सोडलेल्या असतात. वाटा ठरवायची वेळ कापणीची नव्हे, पेरणीची.

तेव्हा आराखड्याच्या कागदावर तीन गोष्टी आधी लिहा. पहिली, पाणी : वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन, संध्याकाळचे पाणी, आणि पिण्याच्या पाण्याला ताण पडला तर कोणते वाफे सोडून द्यायचे ते. दुसरी, हात : पाणी कोण घालणार त्याचे नाव. न लिहिलेले काम बहुतेक घरांत आईच्याच माथी येते. तिसरी, वाटा : एक वाफा शेजाऱ्याचा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, गावरान बी देताना नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट परत करावे असे सांगतात. त्यामुळे बी घरात अडकत नाही, पुढच्या घरी जाते. आपणही मूठभर बी राखून ठेवू शकतो.

अहाबाला शेजाऱ्याची जमीन तेवढी दिसली, शेजारी दिसला नाही. आपल्या आराखड्यात शेजारी आधी दिसो, आणि आपल्या वाफ्यांवर प्रभूचा आशीर्वाद राहो.

आपला,
धर्मगुरू