यू-डायसचा रकाना आणि चंद्राच्या कला

‘साधनं दिली, पण शिक्षकच वापरत नाहीत.’ शिक्षणावरच्या चर्चासत्रांत हे वाक्य कुणीतरी ठासून म्हणतं आणि माना डोलतात. हे वाक्य अन्यायाचं आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

साधनं दिली हे कशावरून ठरतं? देशभरातल्या शाळांची माहिती जमवणाऱ्या यू-डायस प्लसच्या आकड्यांवरून. २०२३-२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. ही मोजणी हवीच. ज्या शाळेत काहीच नाही ती एरवी दिसणारही नाही. पण संगणक शालार्थ या वेतनप्रणालीवर पगारबिलं करण्यात अडकलाय की सातवीच्या वर्गात चाललाय, हे ५७.२ या आकड्यातून कळत नाही.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो लॅरी क्यूबन. हा माणूस स्टॅनफर्डला प्राध्यापक होण्याआधी चौदा वर्षं शाळेत शिकवत होता. २००१ साली त्याचं ‘ओव्हरसोल्ड अँड अंडरयूज्ड’ हे पुस्तक आलं. त्यासाठी त्याने निवडल्या होत्या सिलिकॉन व्हॅलीतल्या शाळा, म्हणजे संगणकाला तोटा नसलेलं ठिकाण. तिथेही वर्गात संगणकांचा वापर तुरळक होता आणि शिकवण्याची पद्धत फारशी बदललेली नव्हती. मग शिक्षक यंत्राला घाबरत होते का? मुळीच नाही. तेच शिक्षक घरी संगणकावर बसून पाठांची तयारी करत होते. अडचण शाळेच्या रचनेत होती. तास तुटपुंजा, वर्ग मोठे, यंत्र ऐनवेळी बंद पडणार आणि दुरुस्तीला माणूस नाही. अशा वेळी खडू उचलणारा शिक्षक शहाणपणानेच वागतो, हे क्यूबनने दाखवून दिलं. आपल्याकडे मात्र त्याच शिक्षकाला ‘उदासीन’ ठरवून मोकळे होतात.

क्यूबनच्या पानांवरून ‘मग यंत्रं नकोतच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळेपाशी तो टिकत नाही. तिथे दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात. बाई तिसरीला वाचन देतात तेव्हा चौथीच्या पोरांकडे बघायला कुणी नसतं. त्या वीस मिनिटांत एक चांगली ध्वनिफीत किंवा सरावाचा खेळ खरंच कामाला येतो.

पाठ कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. चंद्राच्या कला फळ्यावर काढून दाखवल्या तर पोरं आठ गोल पाठ करतात. सूर्य एका बाजूला ठेवून चंद्र पृथ्वीभोवती फिरताना पडद्यावर दिसला, की अमावास्येला उजेडाची बाजू आपल्याकडे नसते हे ध्यानात येतं. अपूर्णांकाचं उलट आहे. कागदाची घडी घालून, पुन्हा घालून, उलगडून चार भाग बोटाने मोजणाऱ्या मुलाला पडद्याची गरज नाही. तिथे चित्रफीत लावणं म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेणं.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकाला जोडलेल्या त्यांच्या क्यूआर कोडचं फार कौतुक झालं. माझ्या लेखी त्यातली खरी गोष्ट अशी, की आधी पुस्तकातला पाठ होता आणि कोड त्याला चिकटला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. पण वर्गात तो उघडायचा तर बहुतेक वेळा बाईंचा स्वतःचा फोन आणि स्वतःच्या पैशांचं रिचार्ज लागतं. हा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

समग्र शिक्षाच्या निकषात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान दहा हजार रुपये आहे. स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यातच. लोकवर्गणीतून आलेल्या प्रोजेक्टरचा दिवा गेला, तर तो कशातून आणायचा हे चर्चासत्रातल्या वक्त्यांनी सांगावं.

केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत यंत्रं मोजण्याआधी शिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात. या सत्रातले कोणते पाठ साधनाशिवाय अडले? साधन असूनही कोणते अडले, आणि कशामुळे? बंद पडलेलं यंत्र किती दिवसांनी चालू झालं? ही उत्तरं तालुक्याला गेली, की पुढची खरेदी त्यांवरून व्हावी आणि प्रत्येक यंत्राच्या मंजुरीतच दुरुस्तीचे पैसे धरलेले असावेत.