हरकत नेमकी कशाला?



गेले काही रविवार मिस्सा संपली की चर्चच्या आवारात एकच विषय निघतो : वाड्यांना लागून येऊ घातलेले गृहसंकुल. जागा हरित पट्ट्यातली आहे आणि ती रहिवासी पट्ट्यात घ्यावी असा प्रस्ताव आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार असा बदल करण्यापूर्वी नोटीस काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. आपली तरुण मुले सह्यांसाठी घरोघर फिरत आहेत, हे चांगलेच आहे. मात्र सही करण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. आपली हरकत नेमकी कशाला आहे?

पाण्याला असेल, तर ती रास्त आहे. आपली वसई पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर ह्यांच्यामध्ये वसलेली आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी भरतीच्या वेळी समुद्रात जाऊ शकत नाही, ते खाजणांत, मिठागरांत, शेतांत आणि बावखलांत थांबते. वाडवडिलांनी बावखले खणली ती बागेला पाणी देण्यासाठी, पण त्यांतूनच पाऊस जमिनीत मुरला आणि विहिरी गोड राहिल्या. मुरणे कमी आणि उपसा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते. शिवाय एका ठिकाणी भराव पडला की तिथले पाणी शेजारच्या सखल अंगणात शिरते. जुलै २०१८ मध्ये लोकल बंद पडल्या, दिवसेंदिवस पाणी हटले नाही, अनेक भागांत वीज नव्हती. ते दिवस आपण विसरलेलो नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी जो लढा झाला, तो ह्याच जमिनीसाठी आणि ह्याच पाण्यासाठी होता.

पण आवारातल्या बोलण्यात दुसराही एक सूर ऐकू येतो. ‘बाहेरचे लोक येतील, गाव आपले राहणार नाही.’ २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. हे लोक हौसेने आले नाहीत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून ते आले, आणि विरार लोकलच्या दारात लोंबकळत कामाला जातात. त्यांतले कितीतरी जण आज आपल्याच बाकावर बसून मिस्सा ऐकतात, आपल्याच गायनमंडळात गातात. निवारा ही माणसाची मूलभूत गरज आहे, हे पोप फ्रान्सिस ह्यांनीही ‘लाउदातो सी’ ह्या २०१५ च्या परिपत्रकात सांगितले आहे. ज्या पत्रात नद्या-जंगलांची काळजी आहे, त्याच पत्रात घर नसलेल्यांचीही आहे.

म्हणून एक कसोटी लावून पाहू. समजा, ही घरे आपल्याच मुलांसाठी, आपल्याला परवडेल अशा दरात राखून ठेवली. मग आपल्या कोणत्या हरकती उरतात? भराव, गटारे, मैलापाणी, अरुंद रस्त्यावर अडकणारी रुग्णवाहिका ह्या साऱ्या उरतात. पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यावर पाणी शिरेल ते त्या नव्या रहिवाशाच्या, म्हणजे ह्या हरकती त्याच्या वतीनेही आहेत. जी हरकत ह्या कसोटीवर गळून पडते, ती पत्रातून काढून टाकावी. सामवेदी आणि वाडवळी बोली मागे पडत आहे ह्याचे दुःख खरे आहे, पण तिच्यावर नगररचना विभागाकडे उपाय नाही. ती आपल्याच स्वयंपाकघरात किती बोलली जाते, हे ज्याने त्याने पाहावे.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. अशा वेळी आपल्याला नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. अहाब राजाने चांगली किंमत देऊ केली तरी नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकले नाही आणि त्यासाठी प्राण गमावले. आपण सारे स्वतःला नाबोथ समजतो. पण इथे जमीन कोणी हिसकावलेली नाही, तिचे मालकच ती विकू पाहत आहेत, आणि तेही आपल्यासारखेच वाडीवाले आहेत. केळी-फुलांच्या बागेवर आज घर चालत नाही, मजूर मिळत नाही, मुलांची शिक्षणे महाग झाली. जमीन केवळ हरित पट्ट्यात आहे म्हणून मालकाला नुकसानभरपाई मिळत नाही. आपण सर्वांनी थंड वारा घ्यायचा आणि त्याचा खर्च एका कुटुंबाने सोसायचा, हा कुठला न्याय?

खाजगी मालकी हा निरंकुश हक्क नाही, असे पोप पॉल सहावे ह्यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये म्हटले आहे. ते मालकाला लागू आहे, तसेच आपल्यालाही आहे. ज्यांनी आपले प्लॉट केव्हाच विकून बंगले बांधले, त्यांनी उरलेल्या शेवटच्या वाडीवाल्याला त्यागाचे प्रवचन द्यावे हे आम्हांस पटत नाही. हरित पट्टा सर्वांसाठी राखायचा असेल तर त्याचा भारही सर्वांनी उचलावा. त्याच्या बागेतली केळी आपण विकत घेतो का? बावखल उपसायला आपण हात लावतो का? वाडी राखणाऱ्याला घरपट्टीत सवलत मिळावी अशी मागणी आपण कधी महापालिकेकडे केली का? विरोधाच्या पत्राला एक पान सूचनांचे जोडले, तर त्यात हे सारे लिहिता येईल. नोटिशीत ‘हरकती व सूचना’ असे दोन्ही शब्द असतात.

मसुदा लिहिणाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. तो कार्यालयात नेण्याआधी जमीनमालकांच्या घरी न्यावा, त्यांच्यासमोर वाचून दाखवावा, आणि त्यांचे म्हणणे ऐकूनच शेवटचे पान लिहावे.