झऱ्यावर आधी कोण?

गेल्या उन्हाळ्यात गालीलच्या डोंगरातून येताना रस्त्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा झरा लागला. हिवाळ्यातला पाऊस चुनखडीच्या खडकात मुरतो आणि भर उन्हाळ्यात असा थंडगार बाहेर येतो. धार मात्र करंगळीएवढी. मी दोन मोठे कॅन काढले. चहाला हे पाणी गोड लागते, एवढेच कारण. मागे एक म्हातारे गृहस्थ रिकामी बाटली घेऊन उभे राहिले. मी "रेगा, रेगा" म्हटले, आणि पहिला कॅन भरल्यावर दुसरा लावला. ते काही बोलले नाहीत.

इस्राएलच्या १९५९ च्या कायद्याने पाण्याचे साठे जनतेचे आहेत. तेव्हा मी चोरी केली नाही. पण तलमूदच्या नेदारीम भागात हाच वाद आहे. गावच्या झऱ्यावर गावकऱ्यांची तहान आधी, मग परक्याची. परक्याची तहान आणि गावकऱ्यांचे धुणे यांत मात्र तहान आधी. रब्बी योसे म्हणतात, नाही, धुणेसुद्धा आधी! हे मत मला निर्दय वाटे. पण मळक्या कपड्यांनी माणूस वेडापिसा होतो, असे त्याचे समर्थन तेथे आहे. माझ्या चहाचे समर्थन काय?

आपण कुलाबा जिल्ह्याची माणसे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते. तरी १९२७ साली डॉ. आंबेडकर तेथे ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली. तळ्यात पाणी काही कमी नव्हते.

मी अर्धा भरलेला कॅन बाजूला घेतला. गृहस्थांनी बाटली भरली, पोटभर प्यायले, आणि मग माझा कॅन स्वतःच धारेखाली धरून उभे राहिले.